डावी ओपल, उजवी ओपल

पडद्यावर ओपल एकदम दोन ठिकाणी उमटली, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, आणि लेनोर प्रुइटच्या लक्षात आलं की यातली फिल्मवरची कोणती आणि डिजिटलवरची कोणती हे आपल्याला कळत नाहीये. आधी तिला वाटलं, डोळे अजून अंधाराला सरावले नसतील. मग वाटलं, चष्मा. तो काढून तिने स्वेटरच्या टोकाला पुसला आणि पुन्हा घातला. दोन्ही ओपल तशाच बसल्या होत्या, खिडकीशी, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी, काळ्या पोशाखावर पांढरी लेसची कॉलर लावून. दोघींनी एकाच क्षणी संत्र्याला नख लावलं, दोघींच्या बोटांशी सालीतून तोच बारीक फवारा उडाला आणि खिडकीच्या उजेडात विरला. कॅमेऱ्यामागच्या चाळीस वर्षांत लेनोरने आंधळ्यासारखी बोटांनी फिल्म ओळखली होती, वासावरून ओळखली होती, एकदा तर विमानात शेजारच्या माणसाच्या चिमुकल्या पडद्यावर तिरक्या नजरेने ओळखली होती. आणि आता, एवढा मोठा पडदा, आपणच लावलेला उजेड, आपणच निवडलेलं भिंग, आणि काही नाही. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. छाती धडधडत होती. घाबरायला हवं होतं, आणि ती घाबरलीही असेल, पण त्या घाबरण्याच्या खालून काहीतरी भलतंच वर येत होतं, परीक्षेचा पेपर हातात पडल्यावर होतं तसं काहीतरी, आणि तिला चक्क हसू येत होतं. तिने ओठ दाबून धरले, कारण दोन खुर्च्या सोडून नील फर्मन बसला होता आणि तो पडद्याकडे न बघता तिच्याकडेच बघत होता.

नील हा तिच्या पुढच्या सिनेमाचा निर्माता. वयाने तिच्या भाच्याएवढा, वागायला सभ्य, आणि सभ्य माणसाशी भांडायची जी पंचाईत असते ती त्याच्याशी भांडताना दर वेळी होई. पैज त्याचीच होती. टाको खात खात, हनुवटीवर ओघळलेला रस पुसत तो म्हणाला होता, "लेनोर, तुम्ही म्हणता फरक दिसतो. स्टुडिओतले लोक म्हणतात नाही दिसत. मी कुणाचं ऐकू? तुम्ही दोन्हीवर एकच शॉट घ्या, हवा तसा तयार करा, मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावू. तुम्ही ओळखलंत की सिनेमा फिल्मवर. नाही ओळखलंत तर डिजिटलवर, आणि माझी सुटका करा." "आणि स्टुडिओ?" तिने विचारलं होतं. "स्टुडिओला मी बघतो. पण हरलात तर मला पुन्हा फिल्मवरचे कण आणि चेहऱ्याचा जीव यावर व्याख्यान नको." ती हसली होती, कारण पैज तिने तिथेच जिंकली होती. नेब्रास्कामधल्या एका शेतघरात हिवाळाभर अडकलेल्या दोन बहिणी, एक कंदील, एक खिडकी, बाहेर बर्फ: या सिनेमाची ती इतकी वर्षं वाट बघत होती की त्यातला उजेड तिला पाठ झाला होता. आणि तो फिल्मवर झाला नाही तर तिच्या हातून फिल्मवर पुन्हा काही होणार नाही, हे बरबँकच्या स्टुडिओंमध्ये सगळ्यांना माहीत होतं. फिल्म धुणाऱ्या लॅब एकेक करून रसायनांच्या टाक्या रिकाम्या करत होत्या. तिच्या बरोबरीचे कॅमेरावाले एकेक करून डिजिटलकडे गेले होते आणि जाताना प्रत्येकाने लग्नाला न बोलावलेल्या नातेवाइकासारखं तिच्याशी बोलणं कमी केलं होतं. ती म्हणे, मला दिसतं त्याला मी काय करू. दिसतं, यावर तिचं सगळं उभं होतं.

चित्र संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. दोन ओपल, दोन संत्री. ठीक आहे, लेनोरने मनाशी म्हटलं, रीतीने बघू या. आधी खिडकी. डिजिटल खिडकीपाशी फसतं, उजेड फार झाला की तिथे पांढरा कागद चिकटवल्यासारखं होतं आणि त्या कागदाला कडा येते. फिल्मवर तोच उजेड हळूहळू, दुधात दूध मिसळावं तसा पांढरा होत जातो. तिने डावी खिडकी बघितली. दुधात दूध. उजवी बघितली. दुधात दूध. बरं, मग सावली. टेबलाखालच्या अंधारात डिजिटलला नको तेवढं दिसतं, खुर्चीच्या पायाचा स्क्रूसुद्धा, आणि सगळं दिसलं की अंधाराची अब्रू जाते. दोन्हीकडे अंधार आपली अब्रू सांभाळून होता. कण? दोन्हीकडे ते बारीक जिवंत वळवळणं होतं. मग शेवटचा उपाय, ज्याची तिला थोडी लाजच वाटत असे, कारण त्यात चित्र बघायचं नसतंच, चित्राची कड बघायची असते: फिल्म कॅमेऱ्यातून ओढली जाते, दातऱ्यांवर बसते, सुटते, आणि म्हणून चौकट कायम एका केसाएवढी थरथरते. खिडकीच्या चौकटीवर नजर रोवून ती बसली. डावी चौकट स्थिर. उजवीही स्थिर. आता मात्र तिचा श्वास मोठ्याने ऐकू यायला लागला असावा, कारण पुढच्या रांगेतून ओपल मागे वळली आणि कुजबुजली, "काय गं, मी काही चुकीचं केलं का?"

ही ओपल खरी, तिसरी. ओपल ट्रिम्बल. हिचं काम असं की उजेड लावेपर्यंत नटीच्या जागी उभं राहायचं आणि उजेड लागला की नटीला जागा देऊन बाजूला व्हायचं. लेनोरच्या कितीतरी सिनेमांत तिच्या गालांवर उजेड बेतला गेला आणि दुसऱ्याच गालांवर टिपला गेला. आज पहिल्यांदा ती स्वतः पडद्यावर होती, तेही दोनदा, आणि त्यासाठी तिने रविवारी चर्चला घालते ती निळी टोपी घातली होती. "काही नाही चुकलं," लेनोर म्हणाली, "तू बघ तुझी तू." "बघतेच आहे," ओपल म्हणाली, "डोळे पुरत नाहीयेत."

डोळे पुरत नाहीयेत. लेनोरला एकदम एक जुनी सकाळ आठवली, लॅबच्या छोट्या थिएटरातली, शिळ्या डोनटच्या वासाची. तिच्या हातचा पहिला शॉट. त्या काळी शॉट घेतला की डबा लॅबला जाई आणि रात्रभर माणूस पोटात गोळा घेऊन पडून राही; आपण काय केलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांबरोबरच आपल्याला कळे. तिने खिडकी चुकवली होती. उजेडाचं माप घेताना घाबरून ती भिंगाचं तोंड कमी करायचं विसरली होती आणि रात्री तीनदा उठून तिने ठरवलं होतं की सकाळी राजीनामा द्यायचा. सकाळी पडद्यावर एक माणूस दारातून आत आला, मागे खिडकी, आणि खिडकी पांढरी झाली होती खरी, पण अशी की जणू बाहेर नुकतंच काहीतरी चांगलं घडलं आहे. कुणीतरी शीळ घातली. दिग्दर्शक म्हणाला, हे मुद्दाम केलंस? ती म्हणाली, हो. फिल्मने तिला पदरात घेतलं होतं. ते ती कधी विसरली नाही. पुढे तिला लोक विचारत की फिल्ममध्ये असं काय आहे, आणि ती कणांबद्दल, रंगांबद्दल, सावल्यांबद्दल बोलत बसे. पण खरं सांगायचं तर ती त्या सकाळबद्दल बोलत असे. आपल्या चुकीवर कुणीतरी चांदणं टाकलं, असं काहीसं तिला म्हणायचं असे आणि ते कुणाला म्हणता येत नसे.

पण मग खिडकी दोन्हीकडे तशीच कशी? दुधात दूध डिजिटलमध्ये कुठून आलं? या प्रश्नापाशी ती थांबली आणि तिला आजची सकाळ दिसली, अगदी स्वच्छ.

सकाळी ती आणि व्हार्तान रंग जुळवायच्या खोलीत बसले होते. व्हार्तान केशिशियान आणि ती यांची ओळख जुनी. बैरूतहून आलेला हा माणूस पूर्वी फिल्मच्या प्रिंटवर लाल-हिरव्या-निळ्या उजेडाची मापं बसवायचा, आता संगणकापुढे तेच करतो, आणि दोन्ही काळांत त्याच्या टेबलावर छोट्या कपातली गाळ उरलेली कॉफी असते. त्याने दोन चित्रं शेजारी शेजारी लावली, कॅमेऱ्यांतून आली तशी कच्ची. फरक असा होता की नीलच्या कुत्र्यालाही कळला असता. डावीकडे फिल्म, उबदार, जरा थरथरती, एका कोपऱ्यात धुळीचा ठिपका. उजवीकडे डिजिटल, राखाडी, गुळगुळीत, ओपलचा चेहरा मेणाचा, खिडकी कागदाची. लेनोरला इतका आनंद झाला की तिने व्हार्तानच्या पाठीत थाप मारली. "बघ. बघ हे. याला दाखवायला थिएटर कशाला हवं?" "लेनोर जान, मला दिसतंय," तो म्हणाला, "मग असंच नेऊ?" "असंच कसं नेणार? कच्चं कोण नेतं? ती खिडकी बघ, डोळ्यांत टोचते. तिला जरा खाली घे."

इथपासून सुरुवात झाली. खिडकी खाली घेतली. खिडकी खाली आल्यावर चेहरा मेलेला दिसायला लागला, म्हणून गालावर जरा ऊब दिली. ऊब दिली तर सावल्या निळ्या पडल्या. "सावलीतला निळा काढ," ती म्हणाली, "आणि टेबलाखाली कोण राहतंय, ते कशाला दिसायला हवं, अंधारात घाल तो भाग." व्हार्तानच्या बोटांखाली रंग बदलायच्या यंत्रावरचे गोळे फिरत होते. "गुळगुळीत फार आहे. थोडे कण टाक. एवढे नको. हां." मध्येच तिने डावीकडे बघितलं आणि म्हणाली, "ती धूळ पूस, आणि हे थरथरणं थांबव, लक्ष जातं." व्हार्तानने तिच्याकडे बघितलं होतं. आता तिला आठवलं, त्याने चांगलं थांबून बघितलं होतं आणि विचारलं होतं, "नक्की?" आणि ती म्हणाली होती, "अर्थात नक्की, दोन शॉट जुळायला नकोत का?" जुळायला नकोत का. भिंतीवरचं चित्र तिरकं असलं तर परक्याच्या घरीही जिचा हात आपोआप ते सरळ करायला जातो, तशी बाई ती. जन्मभर तिने हेच केलं होतं: सकाळचा शॉट आणि दुपारचा शॉट, ढगातला आणि उन्हातला, मंगळवारचा आणि तीन महिन्यांनी पुन्हा घेतलेला, सगळे ओढून एकाच दुपारचे करायचे, बघणाऱ्याला सांधा दिसता कामा नये. दोन चित्रं शेजारी आली की हात जुळवायला लागतात. ती जुळवत बसली, रमून गेली, लहमाजूनचा, त्या खिमा लावलेल्या पातळ रोटीचा, तुकडा हातात तसाच गार झाला. शेवटी दोन्ही ओपल एकसारख्या झाल्या तेव्हा ती खुर्चीत मागे रेलून म्हणाली, "झालं. सुंदर." मग ती बाहेर गेली आणि पैजेच्या नियमाप्रमाणे कोणतं डावीकडे लावायचं आणि कोणतं उजवीकडे, हे व्हार्तानने एकट्याने ठरवलं. आणि पैज काय आहे हे तिच्या डोक्यातून गेलेलंही नव्हतं. इतका वेळ ती फरक पुसत होती आणि इतका वेळ तिला वाटत होतं की आपण फरक दाखवायची तयारी करतो आहोत. जगात दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. स्टुडिओने पैसे देऊन माणूस बसवला असता तरी त्याला इतकं छान जमलं नसतं.

आणि तिला तेव्हा काय वाटायला हवं होतं? रडू? संताप? दोन्ही कुठेतरी होते, पण त्यांच्या पुढे धावत एक विचार आला आणि त्याने तिला खुर्चीच्या कडेवर आणून बसवलं: मी केलं हे. तो मेणाचा चेहरा, ती कागदाची खिडकी, त्यातून मी हे केलं. इतकं की मलाच ओळखता येत नाही. पहिल्या शॉटनंतरच्या रात्रीसारखा पोटात गोळा होता, तोच, जसाच्या तसा, आणि इतके दिवस तिला वाटत होतं की हा गोळा फिल्मबरोबरच संपणार आहे.

"बोला," नील म्हणाला. त्याच्या आवाजात खवचटपणा नव्हता. "घाई नाही. पण बोला."

"लेनोर," मागून, यंत्राच्या टेबलापाशी बसलेला व्हार्तान म्हणाला, "सकाळचं कच्चं आहे माझ्याकडे. म्हणशील तर लावतो. मग ओळखायला काही लागणार नाही."

"माझी हरकत नाही," नील म्हणाला. "तयार कसं करायचं ते तुमच्यावर होतं. कच्चं तर कच्चं."

पैज अशी पुन्हा तिच्या हातात आली. एक शब्द बोलायचा होता. शेतघर, कंदील, बर्फ, आणि कॅमेऱ्यात घरघरणारी फिल्म, सगळं त्या एका शब्दात होतं. तिला ते इतकं हवं होतं की जिभेवर त्याची चव आली. पण कच्चं कुणी बघतं का? तिकीट काढून कच्चं बघायला कोण आलं आहे आजवर? मेणाचा चेहरा दाखवून जिंकायचं म्हणजे धुवायच्या आधीची पातेली दाखवून कुणाच्या स्वयंपाकाला नाव ठेवायचं. ती "लाव" म्हणणार होती की "नको", हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. तिने तोंड उघडलं, आणि त्याच वेळी ओपलने मागे वळून, निळी टोपी सावरत, अगदी साध्या आवाजात विचारलं, "ए लेनोर, मी कुठल्यात बरी दिसते गं?"

"उजवीकडच्या," लेनोर म्हणाली.

विचार न करता म्हणाली. आणि म्हटल्यावर तिला दिसलं की इतका वेळ ती उजवीकडेच बघत होती. खिडक्या आणि सावल्या आणि चौकटी मोजताना नजर पुन्हा पुन्हा तिथेच जात होती, त्या गालाकडे, डोळ्याखाली जिथे कातडी सैल होऊन दुमडली आहे तिथे. त्या घडीत उजेड थांबला होता. संत्र्याचा फवारा उडाल्यावर ओपलने डोळे जरा बारीक केले होते आणि तो उजेड हलला होता, आणि लेनोरला त्या बाईचं सगळं आयुष्य, दुसऱ्यांच्या जागी उभं राहण्यातलं, तिथे दिसत होतं. डावी ओपल सुंदर होती. उजवी ओपल ओपल होती.

"म्हणजे उजवी फिल्म?" नीलने विचारलं.

थांबायला जागा होती. मी फक्त बरी कोणती ते सांगितलं, असं म्हणता आलं असतं. पण लेनोरला आता खात्री पटली होती. आपले डोळे शाबूत आहेत, डोक्याला कळलं नाही तरी त्यांना कळलं, आणि एवढी जुळवाजुळव करूनही फिल्म लपली नाही.

"हो," ती म्हणाली. "उजवी. लिहून घे हवं तर."

पडद्यावर संत्रं सोलून झालं, चित्र पुन्हा सुरू झालं.

"उजवी डिजिटल आहे, जान," व्हार्तान म्हणाला.

नीलने तिच्याकडे बघणं सोडलं आणि तो स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. सभ्य माणूस. लेनोर उठून उभी राहिली होती, कशासाठी ते तिला कळलं नाही. "नाही," ती म्हणाली. मग, "खरंच?"

"खरंच. मी सकाळीच बोलणार होतो, पण तू इतकी खुशीत होतीस." व्हार्तान टेबलामागून पुढे आला. "डावीला तू हातच लावला नाहीस. धूळ पुसलीस, हलायची थांबवलीस, बास. ती आली तशीच सुंदर होती. सगळी सकाळ तू उजवीवर बसली होतीस. डोळ्याखालची ती घडी, तुला आठवतं? कॅमेऱ्याने सपाट केली होती. तू म्हणालीस, इथे काहीतरी आहे, ओपलला मी ओळखते, इथे काहीतरी असणार. आणि मला कॉफीसुद्धा पिऊ दिली नाहीस."

लेनोर पडद्याकडे चालत गेली. इतक्या जवळ गेल्यावर चित्र राहत नाही, नुसता उजेड राहतो, हे तिला ठाऊक होतं, तरी गेली. तिची सावली दोन्ही ओपलवर पडली. तिला वाईट वाटत होतं, फार वाईट, एखादं माणूस कायमचं निघून जाताना आपण दुसऱ्याच कुणाशी हसून बोलत होतो असं ध्यानात यावं तसं. पदरात घेणारी फिल्म गेली. तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, लेनोरला वाटलं, मी चुकले तरी तीच सांभाळून घ्यायची. ही दुसरी काही सांभाळत नाही, हिच्यात आधी काही नसतंच, जे घालावं लागतं ते मला घालावं लागतं. आणि हे वाटता वाटता तिची छाती पुन्हा धडधडायला लागली, मघापेक्षा जोरात.

"वाटलं तर कच्चं बघू या," मागून नील म्हणाला. "खरंच. मी कुणाला सांगणार नाही."

"नको. डिजिटलच," ती म्हणाली. "पण व्हार्तान मला पहिल्या दिवसापासून हवा. नेब्रास्कात, बर्फात, कॉफीसकट."

"मला थंडी सोसत नाही," व्हार्तान म्हणाला.

"मग मी उजवीकडचीच ना?" ओपलने विचारलं. "एकदा नीट सांग, मला घरी सांगायला बरं."

"उजवीकडचीच," लेनोर म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला सवड नव्हती, कारण उजव्या ओपलच्या कानामागे एक सावली तिला आत्ता दिसली होती. ती सकाळी राहूनच गेली होती आणि जराशी गार होती. "व्हार्तान," ती पाठ न वळवता म्हणाली, "लाव पुन्हा. नुसती उजवी लाव."